‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’

सरकारी कचेरीत काम घेऊन जाणाऱ्या माणसाला एके काळी एक वाक्य हमखास ऐकावे लागे : “साहेब जेवायला गेलेत.” साहेब कुठे गेले, केव्हा येतील, की आज मुळी येणारच नाहीत, यांपैकी कशाचाही उलगडा त्या वाक्यातून होत नसे, पण ते ऐकले की माणूस निमूटपणे बाकावर जाऊन बसे. पुढे काळ बदलला, टेबलावर संगणक आले, आणि त्या जुन्या वाक्याची गादी एका नव्या वाक्याने चालवायला घेतली. सातबाराचा उतारा असो, उत्पन्नाचा दाखला असो, पासबुकात नोंदी करून घ्यायच्या असोत की मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असो, खिडकीपलीकडचा गृहस्थ मान वर न करता सांगतो, “सर्व्हर डाऊन आहे.”

या वाक्याला आपण सारेच नावे ठेवतो. मी मात्र आज त्याची बाजू घेणार आहे. कारण याहून कितीतरी वाईट असे एक उत्तर आहे, आणि ते दिसायला मोठे नीटनेटके असते.

अशी कल्पना करा की तालुक्याच्या गावातली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे काय झाले ते पाहायला संगणक-केंद्रात गेली आहे. मुदतीचा शेवटचा दिवस. तिने अर्जाचा क्रमांक घातला, बटण दाबले, आणि पडद्यावर स्वच्छ अक्षरांत उत्तर उमटले : ‘या क्रमांकाचा अर्ज आढळला नाही.’ अर्ज तर तिने महिन्यापूर्वीच भरलेला. तो जागच्या जागी सुखरूप आहेही. झाले एवढेच की, ज्या क्षणी तिने बटण दाबले त्या क्षणी संकेतस्थळाचा आणि त्याच्या नोंदींच्या कोठाराचा संबंध तुटला होता. कोठाराला विचारताच आले नाही. आणि ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याने, विचारता आले नाही तर काय म्हणायचे याचा विचार न करता, ‘आढळला नाही’ असे म्हणायला यंत्राला शिकवून ठेवले होते. मुलगी घरी गेली. “सर्व्हर डाऊन आहे” असे कोणी म्हटले असते तर ती तासभर थांबली असती.

खिडकीतला तो गृहस्थ आळशी असेल, उर्मट असेल. पण तो खोटे बोललेला नसतो. त्याचे म्हणणे ‘मला ठाऊक नाही’ एवढेच असते. यंत्राने मात्र ‘ठाऊक नाही’ याच्या जागी ‘नाही’ असे सांगितले. या दोन उत्तरांतले अंतर राखणे, हे आज संकेतस्थळे बांधणाऱ्यांपुढचे एक फार नाजूक काम होऊन बसले आहे, आणि त्याचीच हकिगत येथे सांगायची आहे.

पुढची खिडकी, मागचा दप्तरखाना

ज्यांचा या यंत्रांशी केवळ बोटापुरता संबंध येतो अशा वाचकांसाठी आधी थोडी ओळख करून देतो. संकेतस्थळ म्हणजे एकच एक यंत्र नव्हे. जुनी मामलेदार कचेरी डोळ्यांपुढे आणा. पुढे खिडकीशी कारकून, आणि मागे दप्तरखाना. तेथे फडक्यात बांधलेले रुमाल फळीवर ओळीने रचलेले. कारकुनाजवळ स्वतःचे असे काहीच नसते. तुम्ही विचारायचे, त्याने मागे जाऊन रुमाल सोडायचा, आणि येऊन तुम्हाला सांगायचे. संकेतस्थळातही हीच व्यवस्था आहे. तुमच्याशी बोलतो तो प्रोग्रॅम म्हणजे कारकून. आणि साऱ्या नोंदी ज्यात असतात तो डेटाबेस म्हणजे दप्तरखाना. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल ही अशा दप्तरखान्यांची प्रसिद्ध नावे. मोठ्या संकेतस्थळांत कारकून आणि दप्तरखाना यांचे बिऱ्हाड बहुधा निरनिराळ्या यंत्रांवर असते, आणि दोहोंमध्ये तारेचा संबंध असतो. त्याला जोडणी म्हणू.

ही जोडणी टेलिफोनसारखी असते. आधी नंबर फिरवायचा, मग नाव आणि परवलीचा शब्द सांगून ओळख पटवायची, आणि मगच कामाचे बोलणे सुरू. दर प्रश्नाला एवढा सोपस्कार करणे महाग पडते, म्हणून पुष्कळजण एकदा लागलेली लाइन उघडीच ठेवतात. पण दप्तरखान्याकडे अशा लाइनी मोजक्याच असतात. पोस्टग्रेस जसा मिळतो तसाच वापरला तर एका वेळी १०० जोडण्या घेतो. त्यांतल्या ३ वरिष्ठांसाठी राखीव, म्हणजे सामान्यांना ९७. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१. आता एखाद्या कंपनीने कारकुनांची चार यंत्रे मांडली आणि प्रत्येकावर तीस कामगार बसवले, तर गर्दीच्या वेळी १२० जण एकदम फोन उचलणार, आणि तेवीस जणांच्या पदरी निराशा येणार. पोस्टग्रेस त्यांना जो संदेश देतो तो मोठा मासलेवाईक आहे : त्याची सुरुवात ‘फेटल’ या शब्दाने होते आणि लगेच पुढचा शब्द ‘सॉरी’ असा येतो. प्राणघातक बातमी इतक्या अदबीने सांगणारे यंत्र दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

मायएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. एखाद्या लाइनीवर आठ तास कोणी अवाक्षर बोलले नाही तर तो ती आपणहून कापून टाकतो. २८,८०० सेकंद ही त्याची मूळची मुदत आहे. रात्री गिऱ्हाईक नसते. लाइन कापली जाते. पण इकडे कारकुनाला त्याचा पत्ताच नसतो. तो रिसीव्हर हातात धरून बसलेलाच. सकाळी पहिले गिऱ्हाईक येते, कारकून फोनमध्ये बोलू लागतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की पलीकडे कोणीच नाही. या प्रसंगी जो संदेश उमटतो त्याचा शब्दशः अर्थ ‘सर्व्हर निघून गेला आहे’ असा होतो. म्हणजे आपले जुने साहेब जेवायला गेले ते इथे येऊन पोचले म्हणायचे!

दोन निरनिराळे नकार

खिडकीवरचा कारकून दर वेळी मातीपासून घडवायला नको म्हणून तयार सांगाडे मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. लॅराव्हेल, रेल्स, स्प्रिंग अशी त्यांची पुष्कळ घराणी आहेत. मी उदाहरणासाठी जँगो निवडतो, आणि त्यात थोडा पक्षपात आहे हे कबूल करायला हरकत नाही : हा सांगाडा वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला. अमेरिकेतल्या कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचे पत्र आहे. तेथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ साली तो आपल्या कामासाठी रचायला घेतला, आणि २००५ च्या जुलैत तो सर्वांसाठी खुला झाला. बातमीला वेळेची मुदत असते, त्यामुळे अंक अडू नये ही त्यांची पहिली गरज. नाव ठेवले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली, आणि उरलेल्या बोटांनी त्याने असे वादन केले की युरोपभर त्याचे नाव झाले. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो. मोडक्या अवयवानिशी मैफल पुरी करणाऱ्या माणसाचे नाव अशा साधनाला शोभते खरे.

या जँगोत एक गोष्ट फार विचाराने केलेली आहे. नोंद मागितली आणि ती मिळाली नाही, याला तेथे दोन अगदी निराळी नावे आहेत. दप्तरखान्यात गेलो, रुमाल सोडला, सगळे कागद पाहिले, आणि अशी नोंद नाही, असे झाले तर कारकून ‘डझ-नॉट-एक्झिस्ट’ असा पुकारा करतो. पण दप्तरखान्याचे दारच उघडले नाही, लाइनच लागली नाही, मध्येच तुटली, तर पुकारा होतो ‘ऑपरेशनल-एरर’. पहिला पुकारा हे ज्ञान आहे. दुसरा पुकारा अज्ञानाची कबुली आहे. सांगाडा रचणाऱ्यांनी दोहोंत भिंत घालून ठेवली आहे. इतकी की, नोंद नसेल तर ‘पान सापडले नाही’ असे आपोआप सांगणारी जी सोय जँगोत आहे, ती फक्त पहिलाच पुकारा ऐकते, दुसऱ्याकडे लक्षसुद्धा देत नाही.

मग बिघडते कुठे? बिघडते ते वापरणाऱ्याच्या हातून. त्या भाषेत ‘काहीही चुकले तरी अमुक कर’ असे सांगण्याची एक दीड ओळीची युक्ती आहे. उद्या साहेबांपुढे प्रात्यक्षिक दाखवायचे आहे, पडद्यावर लाल-काळी अक्षरे येता कामा नयेत. तेव्हा प्रोग्रॅमर लिहून टाकतो, ‘काहीही चुकले तर रिकामी यादी परत दे.’ प्रात्यक्षिक झकास पार पडते. ती दीड ओळ मात्र तशीच राहते, आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी खात्यावर शून्य शिल्लक दाखवते, कुणाची आरक्षणे नाहीशी करते, आणि त्या मुलीला तुझा अर्जच नाही असे सांगते. पान देखणे दिसते आणि त्यावरचा मजकूर असत्य असतो. माझ्या मते प्रोग्रॅम कोसळून पांढरे पान दिसणे हे यापेक्षा सभ्यपणाचे आहे.

बरे, हे उत्तर वाचणारी केवळ माणसेच नसतात. संकेतस्थळ प्रत्येक उत्तराबरोबर एक आकडाही धाडते. ‘४०४’ म्हणजे अशी वस्तू नाही. ‘५०३’ म्हणजे तूर्त सेवा देता येत नाही. आणि त्याबरोबर ‘रिट्राय-आफ्टर’ असा शेरा जोडून ‘इतक्या सेकंदांनी पुन्हा या’ असेही सांगता येते. गूगलसारख्या शोधयंत्राला घटकाभरासाठी ५०३ सांगितले तर ते मागाहून फेरी घालते. ४०४ सांगत राहिले तर पान गेले असे समजून यादीतून काढून टाकते. आणि ‘२००’, म्हणजे ‘सर्व काही ठीक’, असा आकडा देऊन आत रिकामे पान धाडले, तर वाटेत पानांच्या नकला साठवणारी जी यंत्रे असतात ती ते रिकामे पानच खरे मानून जपून ठेवतात, आणि दप्तरखाना पूर्ववत सुरू झाल्यावरही लोकांना वाटत बसतात.

अडीच तासांची गोष्ट

ही केवळ खेड्यातल्या केंद्रापुरती गोष्ट नाही. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले. त्याच वर्षी जुलैत त्याने पन्नास कोटी सभासदांचा टप्पा ओलांडला होता, आणि आधीच्या चार वर्षांत एवढा मोठा खोळंबा झालेला नव्हता. कंपनीने त्याच दिवशी कारण जाहीर केले. ते वाचण्यासारखे आहे, कारण त्यात ना वीज गेली होती, ना आग लागली होती, ना कोणी चोर शिरला होता.

फेसबुकच्या यंत्रांना चालण्यासाठी काही ठरीव मूल्ये लागत. त्यांची मूळ प्रत दप्तरखान्यात असे आणि रोजच्या वापरासाठी एक नक्कल हाताशी ठेवलेली असे. नक्कल कधीमधी बिघडते. म्हणून एक स्वयंचलित व्यवस्था केली होती की, नक्कल चुकीची दिसली तर मूळ प्रत विचारून घ्यावी आणि नक्कल दुरुस्त करावी. व्यवस्था शहाणपणाची होती. पण त्या दिवशी कोणीतरी मूळ प्रतीतच असा बदल केला की तो यंत्रांना चुकीचा वाटला. झाले! एकूण एक यंत्राला नक्कल चुकीची दिसली, आणि प्रत्येक यंत्र दुरुस्तीसाठी दप्तरखान्याकडे धावले. सेकंदाला लाखो प्रश्न येऊन आदळू लागले, आणि दप्तरखान्याचा श्वास कोंडला.

इथपर्यंत हा एक साधा अपघात होता. मूळ प्रत दुरुस्त केली, की थोड्या वेळाने सगळे आपोआप मार्गी लागावयाचे. तसे ते लागले नाही, याचे कारण पुढे आहे. दप्तरखान्याने उत्तर दिले नाही आणि चूक परत आली, की यंत्रे त्या चुकीचा अर्थ ‘उत्तर मिळाले नाही’ असा करण्याऐवजी ‘मूल्य चुकीचे आहे’ असा करीत, आणि हाताशी असलेली नक्कलच पुसून टाकीत. नक्कल पुसली म्हणजे पुन्हा विचारणे आले. पुन्हा विचारले म्हणजे दप्तरखाना आणखी कोंडला. तो कोंडला म्हणजे आणखी चुका, आणि आणखी नकला पुसल्या गेल्या. मूळ बिघाड दुरुस्त झाल्यावरही हे चक्र थांबेना. जोपर्यंत दप्तरखाना थोड्यांना तरी नकार देत होता तोपर्यंत तो नकारच नवी गर्दी घेऊन येत होता.

शेवटी अभियंत्यांनी जो उपाय केला तो ऐकायला सोपा पण करायला जिवावर येणारा होता. त्यांनी त्या दप्तरखान्याकडे जाणारी सारी वाहतूकच थांबवली, म्हणजे फेसबुक स्वतःच्या हाताने बंद केले. दप्तरखान्याला दम खाऊ दिला, आणि मग लोकांना हळूहळू आत घेतले. नकला दुरुस्त करणारी ती व्यवस्था तूर्त बंद ठेवण्यात आली.

पन्नास कोटींच्या संकेतस्थळावर आलेला प्रसंग आणि त्या शिष्यवृत्तीच्या मुलीवर आलेला प्रसंग, यांचे मूळ एकच आहे. दोन्हीकडे मौनाला उत्तर समजले गेले.

मौनाचे प्रकार

आता मौन म्हटले तरी त्याचेही प्रकार आहेत. दप्तरखाना बंद आहे पण ते यंत्र जागे आहे, अशा वेळी फोन लावताच तेथून तत्काळ नकार येतो. हा नकार कडू असला तरी उपकारक. निदान वेळ तरी जात नाही. खरा घात होतो तो यंत्रच नाहीसे झाले, किंवा मधली वाट बंद पडली म्हणजे. मग घंटा वाजत राहते आणि कोणी उचलत नाही. लिनक्स प्रणाली अशा वेळी मूळ नेमणुकीप्रमाणे पुन:पुन्हा हाक मारीत दोन मिनिटांच्या वर वाट पाहते. दोन मिनिटे एक कारकून फोन कानाला लावून बसला. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले, दुसरा कारकून बसला. पाहता पाहता तीसच्या तीस कारकून रिसीव्हर धरून तिष्ठत बसले. मग ज्या पानाला दप्तरखान्याची गरजही नाही, साधा कचेरीचा पत्ता सांगणारे पान, तेही मिळेनासे होते. म्हणून अनुभवी मंडळी ही मुदत स्वतः ठरवून देतात : तीन सेकंद, फार तर पाच. जोडणीच्या नेमणुकीत ‘कनेक्ट-टाइमआउट’ हा एक शब्द आणि एक आकडा लिहायचा असतो. त्याअभावी किती संकेतस्थळे दोन-दोन मिनिटे माना टाकून पडलेली असतील, देव जाणे.

नकार आला तर पुन्हा प्रयत्न करावा काय? करावा, पण बेताने. जोडणी क्षणभरच तुटली असेल तर दुसऱ्या हाकेला उत्तर मिळते. मात्र सगळ्यांनी एकाच क्षणी पुन्हा हाक मारली तर आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंगावर सगळी वरात कोसळल्यासारखे होते. हा पेच नवा नाही. १९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन ॲब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकांना बिनतारी जोडणारे ‘अलोहा’ जाळे सुरू केले, तेव्हा दोन केंद्रे एकदम बोलली की दोघांचेही बोलणे वाया जाई. त्यांनी तोड काढली ती अशी की, प्रत्येकाने आपल्या मनाला येईल तितका, म्हणजे यादृच्छिक, वेळ थांबून पुन्हा बोलावे. पुढे इथरनेटच्या जाळ्यात याला जोड मिळाली : दर अपयशाबरोबर थांबण्याची मर्यादा दुप्पट करीत जावी. एक सेकंद, दोन, चार, आठ. आणि प्रत्येक मुक्कामात थोडी चिठ्ठी टाकल्यासारखी अनिश्चितता. डेटाबेसला पुन्हा हाक मारताना आजही हेच करतात.

आणखी एक हिशेब येथे सांगण्यासारखा आहे. एका कामात तीन थर असतील आणि प्रत्येक थराच्या लेखकाने ‘तीनदा करून पाहावे’ असे स्वतंत्रपणे ठरवले असेल, तर शेवटच्या दारावर एका प्रश्नाचे सत्तावीस धक्के बसतात. तिघेही आपापल्या जागी बरोबरच असतात!

सारखे दार ठोठावण्यापेक्षा काही वेळ दाराकडे जाऊच नये, हा याच्या पुढचा विचार. घरातल्या विजेच्या खटक्यावरून त्याला ‘सर्किट ब्रेकर’ असे नाव पडले, आणि मायकेल नायगार्ड यांच्या २००७ मधल्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकाने ते सर्वतोमुखी केले. ओळीने काही हाका फुकट गेल्या की खटका पडतो. मग ठरावीक वेळ कारकून दप्तरखान्याला न विचारताच ‘तूर्त सांगता येत नाही’ असे गिऱ्हाइकाला सांगतो. वेळ संपली की एकालाच चाचपणीसाठी पाठवायचे. त्याला उत्तर मिळाले तर खटका वर, नाही तर पुन्हा खाली.

जाता जाता एका विनोदी अनर्थाची नोंद करतो. कारकून धडधाकट आहे की नाही हे पाहणारा एक पहारेकरी हल्ली ठेवलेला असतो, तो दर थोड्या सेकंदांनी “बरा आहेस ना?” असे विचारतो आणि उत्तर नसेल तर कारकुनाला काढून त्याच्या जागी नवा आणतो. कित्येकजण या प्रश्नाच्या उत्तरात दप्तरखान्याची तपासणीही घालून ठेवतात. मग दप्तरखाना बंद पडला की पहारेकरी धडधाकट कारकुनांना एकामागून एक हाकलत सुटतो. सासू आजारी पडली म्हणून सुनांना दवाखान्यात भरती करावे, तसा हा प्रकार. ‘मी जिवंत आहे काय’ आणि ‘मला काम करता येईल काय’ हे दोन प्रश्न पहारेकऱ्याने वेगवेगळे विचारायला हवेत.

दिलगिरीचे पान

एवढे सारे केल्यावरही ‘सध्या माहिती देता येत नाही’ असे सांगण्याची वेळ येणारच. हे पान कसे असावे? पहिली गोष्ट, ते पान दप्तरखान्याला काही विचारणारे नसावे. हे सांगायला कशाला हवे, असे वाटेल. पण फसगत नेमकी येथेच होते. पुष्कळ संकेतस्थळांच्या माथ्यावर ‘नमस्कार, अमुकतमुक’ असे पाहुण्याचे नाव झळकते. ते नाव कुठून येते? जँगोच्या मूळ रचनेत पाहुण्यांच्या बैठकीची नोंद डेटाबेसातच असते. म्हणजे डेटाबेस बंद आहे हे सांगणारे पान माथ्यावर नाव लिहिण्यासाठी पुन्हा डेटाबेसाकडेच धावणार आणि स्वतःही कोसळणार! जँगोच्या कर्त्यांनी हे ओळखून आपले चुकीचे पान मुद्दाम कोऱ्या हाताने रंगवायचे ठरवले आहे. त्या पानाला बाहेरची कोणतीही माहिती पुरवली जात नाही. मात्र मूळचे ते पान ‘५००’ हा आकडा देते, म्हणजे ‘आमच्यात काहीतरी बिघडले’ एवढेच सांगते. जोडणी तुटल्याचा पुकारा ओळखून त्याऐवजी ५०३ आणि पुन्हा येण्याची वेळ सांगणे, हे काम बांधणाऱ्याने स्वतः करायचे असते. दहावीस ओळींचे आहे.

दुसरी गोष्ट, घरची लक्तरे वेशीवर टांगू नयेत. जँगोत चुका शोधण्यासाठी ‘डीबग’ नावाची एक कळ आहे. ती चालू असली की बिघाडाबरोबर प्रोग्रॅमच्या ओळी, यंत्राची नावे, अंतर्गत पत्ते असे सारे पडद्यावर येते. परवलीचे शब्द तेवढे तो झाकून घेतो. कारागिराला हे पान अमृतासारखे; पण चव्हाट्यावर ते मांडले तर चोराला घराचा नकाशा दिल्यासारखे होते. सविस्तर हकिगत आतल्या नोंदवहीत जावी, आणि पाहुण्याला एवढेच कळावे : आपली माहिती आता दाखवता येत नाही, ती पुसली गेली आहे असा याचा अर्थ नव्हे, अमुक वेळाने पुन्हा पाहावे. मुदतीचे काम असेल तर मुदत वाढणार की नाही, तेही.

काही ठिकाणी शिळी प्रत वाढणे चालते. वर्तमानपत्राचा कालचा लेख, बसचे वेळापत्रक, ग्रंथालयाची यादी यांत तासाभराने काही बिघडत नाही. २०१० साली इंटरनेटच्या नियमावलीत अशी रीतसर सोयही मांडली गेली की, मूळ ठिकाणी बिघाड असेल तर साठवलेली जुनी प्रत अमुक काळ द्यावी. त्यावर ‘सकाळी दहापर्यंतची माहिती’ असे लिहावे म्हणजे झाले. बँकेतली शिल्लक किंवा गाडीत उरलेल्या जागा मात्र शिळ्या वाढू नयेत.

पैसे गेले, पावती नाही

सर्वांत कठीण प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला आहे. आतापर्यंत विचारण्याची गोष्ट झाली, आता लिहिण्याची. फी भरली. कारकुनाने दप्तरखान्याला ‘ही नोंद कायम करा’ असे सांगितले, आणि त्याच क्षणी लाइन तुटली. नोंद झाली की नाही? तुटण्याआधी निरोप पोचला असेल तर झाली. नसेल तर नाही. कारकुनाला हे कळण्याचा त्या क्षणी कोणताच मार्ग नाही. ‘नाही’ म्हणावे तर माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो. ‘हो’ म्हणावे तर कदाचित पावतीमागे काहीच नसते. मोबाइलवरून पैसे पाठवताना ‘व्यवहार प्रलंबित’ असा शब्द आपण वाचतो आणि चडफडतो. पण तो शब्द प्रामाणिक आहे. यंत्राला खरोखरच ठाऊक नसते.

यावरचा उपाय जुन्या मुनीमजींना परका वाटणार नाही. अर्जाचा कोरा कागद देतानाच त्यावर एकमेव असा क्रमांक छापून द्यायचा, आणि दप्तरखान्याला ताकीद द्यायची की या क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा करायची नाही. मग तुटल्यावर तोच कागद पुन्हा पाठवायला भीती उरत नाही. पहिला पोचला नसेल तर हा लागतो. पोचला असेल तर दप्तरखाना ‘ही नोंद आधीच आहे’ असे सांगतो, आणि या खेपेला ते सांगणे म्हणजेच हवी असलेली पावती असते. हा क्रमांक नसताना लिहिण्याचे काम आंधळेपणाने पुन्हा करू नये. वाचण्याचे काम दहादा केले तरी बिघडत नाही, लिहिण्याचे दोनदा केले तर कुणाची तरी महिन्याची कमाई जाते. तसेच, एका व्यवहाराच्या चार नोंदी असतील तर तुटल्यावर फक्त चौथी पुन्हा लिहून भागत नाही. जँगोत अशा चारी नोंदी एका गाठोड्यात बांधण्याची सोय आहे. गाठोडे सुटले तर सबंध गाठोडेच पुन्हा बांधायचे.

हे सारे आपल्या संकेतस्थळात आहे की नाही, हे कागदावरून कळत नाही. नेटफ्लिक्सने तर स्वतःचीच चालती यंत्रे भरदिवसा अचानक बंद करणारा ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि २०१२ साली तो सर्वांना देऊन टाकला. एवढे माकड पाळण्याची सर्वांना गरज नाही. चाचणीच्या यंत्रावर एखाद्या दुपारी डेटाबेस बंद करावा, अस्तित्वात असलेल्या एका अर्जाचा क्रमांक घालावा आणि बटण दाबावे. उत्तर किती सेकंदांनी आले ते घड्याळात पाहावे; आकडा ५०३ आला की २०० ते पाहावे; आणि पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचून घ्यावे. मग डेटाबेस पुन्हा सुरू करावा, आणि कारकुनाला हात न लावता तो आपणहून पूर्ववत बोलू लागतो की नाही, हे पाहायला आणखी पाच मिनिटे तेथेच बसावे.